‘ओसी’चा शिक्का आणि तीन पंख्यांचं धूड: मे महिन्यात कामाला येतं ते कोणतं?

कॉम्प्युटरमध्ये चित्र-व्हिडिओचं काम करणाऱ्या महागड्या ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर ‘ओसी’ (ओव्हरक्लॉक) छापलेलं असतं आणि आत तीन पंख्यांचं अवजड धूड असतं. दोन्ही एकत्रच विकलं जातं, म्हणून गिऱ्हाइकाच्या डोक्यात ते एकच होऊन बसतं. लग्नसराईच्या तोंडावर एडिटिंग करणारी पोरं येतात आणि सांगतात, “भाऊ, ओसीवालाच द्या, मेमध्ये रेंडर अडकते.” रेंडर, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ पक्का तयार करण्याचं काम, अडकतं ते उष्णतेमुळे, आणि त्यावर इलाज म्हणून मागतात ती वेग वाढवलेली चिप. इथेच गफलत होते.

ओसी म्हणजे कारखान्यातूनच थोडा वाढवून दिलेला वेग. 2022 साली आलेल्या आरटीएक्स 4090 या कार्डाचं उदाहरण घ्या. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने तिचा बूस्ट वेग, म्हणजे भाराखाली गाठायचा वेग, 2520 मेगाहर्ट्झ ठरवला. तीच चिप घेऊन आसुस कंपनीने बनवलेल्या आरओजी स्ट्रिक्स ओसी कार्डाला तो ओसी मोडमध्ये 2640 मिळतो. म्हणजे कागदावर पावणेपाच टक्के जास्त. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण एनव्हिडियाची कार्डं 2012 च्या जीटीएक्स 680 पासून तापमान आणि वीज यांचा अंदाज घेत आपला वेग स्वतःच वरखाली करतात. थंड हवेत साधं 4090 सुद्धा छापील आकड्याच्या बरंच पुढे पळतं. तासाभराच्या रेंडरमध्ये ओसीमुळे एखाद-दोन मिनिटं वाचली तरी पुष्कळ. शिवाय एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी सरकवून हा वेग घरीही वाढवता येतो. कारखान्याच्या ओसीत जास्तीचं एवढंच, की त्या वेगाला कंपनीने कार्ड तपासलेलं असतं आणि वॉरंटी त्या वेगासकट मिळते. माझ्या मते यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

तीन पंख्यांचं ते धूड, म्हणजे कार्ड बनवणाऱ्या कंपनीने स्वतः घडवलेलं कूलिंग, त्याची गोष्ट निराळी. तांब्याचा तळ, उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या, दाट पात्यांचा हीटसिंक आणि वर पंखे, असा हा सगळा सरंजाम. तो नुसता चिपवर टेकून भागत नाही, बाजूच्या मेमरीवर आणि वीज पुरवणाऱ्या भागांवरही नीट बसायला हवा. त्याची खरी परीक्षा पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत होतच नाही.

हिशेब साधा आहे. तेवढीच वीज आणि पंख्यांची तीच गती असेल, तर चिप आत येणाऱ्या हवेपेक्षा जवळपास ठरावीक अंशांनीच जास्त तापते. समजा एक कूलर चिपला हवेपेक्षा 40 अंश वर ठेवतो आणि दुसरा 55 अंश. खोली 25 अंशांवर असेल तर चिप 65 आणि 80 अंशांवर राहते, म्हणजे दोन्ही पास. आता विदर्भातल्या ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात, बाहेर 45 असताना, टिनाखालच्या स्टुडिओत 42 अंश धरा. पहिलं कार्ड 82 वर जातं आणि काम करत राहतं. दुसऱ्याचा हिशेब 97 वर जातो, पण 4090 ची मर्यादा 90 अंशांची. म्हणून ते पंखे किंचाळवतं आणि वेग पाडतं. खोक्यावरचे ते जास्तीचे 120 मेगाहर्ट्झ तिथेच विरून जातात. वेग टिकवायचं काम उन्हाळ्यात कूलिंगच करतं.

तरी एक गोष्ट कोणताही हीटसिंक करू शकत नाही. 450 वॅट खाणारं कार्ड 450 वॅट उष्णता खोलीत सोडणारच. चिप थंड राहिली म्हणजे ती उष्णता नाहीशी झाली नाही, तुमच्या खुर्चीभोवती आली. आठ तास पूर्ण ताकदीने रेंडर चाललं तर एकट्या कार्डाचे 3.6 युनिट होतात, आणि ते सगळे त्याच खोलीत तापतात. ओसीने यात भरच पडते. म्हणून एप्रिल-मेमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने खायच्या विजेची मर्यादा, 70 टक्क्यांवर आणून ठेवायला मी सगळ्यांना सांगतो. वीज 315 वॅटवर येते आणि कामाचा वेग त्या मानाने फारच थोडा घटतो.

आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कुलर खोली झकास गार करतो, कार्डालाही तो फायद्याचाच. फक्त कॅबिनेट त्याच्या थेट झोतात नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार उडाले की क्षार बोर्डावर बसतात. कापसाच्या हंगामात वेगळी अडचण असते. जिनिंगच्या आसपासच्या गावांत तंतू आणि धूळ दाट पात्यांत अडकून नमदा तयार होतो, आणि सर्वांत चांगला हीटसिंकही कुचकामी ठरतो. ब्लोअरने साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

कार्ड पारखायचं तर आधी ओसी आणि कूलिंग वेगळं करा. बऱ्याच कंपन्या तोच हीटसिंक लावून बिनओसी कार्डही विकतात. किमतीतला फरक निव्वळ शिक्क्याचा आहे का, ते तिथे कळतं. मग ते जिथे राहणार त्याच खोलीत, कॅबिनेट बंद करून, दुपारी अर्धा तास पूर्ण भार द्या. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे धरू नका, तोवर धातू तापलेलाच नसतो. तापमान, पंख्यांचे फेरे आणि टिकून राहिलेला वेग हे तिन्ही आकडे एकत्र वाचा. तापमान कमी आहे पण पंखे शंभर टक्क्यांवर आहेत, तर कूलिंगमध्ये शिल्लक काहीच उरलेलं नाही. कार्डावर दोन बायॉसची (जोरदार आणि शांत अशा दोन सेटिंगची) कळ असेल तर शांत मोडमध्येही बघा, त्यात वेग टिकला तर हीटसिंक खरोखर मोठा आहे.

ऑर्डर देण्याआधी कॅबिनेट मोजा. स्ट्रिक्स 4090 जवळपास 358 मिलीमीटर लांब आहे आणि वजनाने वाकतं, खालून टेका द्यावा लागतो. विजेचा 16 पिनांचा प्लग शेवटपर्यंत आत बसलाय ना, ते डोळ्यांनी पाहा. 4090 आल्यावर हे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि अर्धवट बसलेला प्लग हे त्यामागचं मोठं कारण निघालं.