'मेड्युसा' परत आला: कव्हर्सच्या त्या वादाची पार्श्वभूमी

2018 ला ॲनी लेनॉक्सचा 'मेड्युसा' हा कव्हर्सचा, म्हणजे दुसऱ्यांची गाणी नव्याने गायलेला अल्बम विनाइलवर परत काढला, तेव्हा 1995 चा, तो पहिल्यांदा आला तेव्हाचा जुना वाद पुन्हा उकरला गेला. एटीजमधली 'युरिद्मिक्स' ही तिची जोडी, ते केशरी बारीक केस वगैरे सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. 1992 चा पहिला सोलो अल्बम 'डिव्हा', त्यातली बहुतेक गाणी बाईंनी स्वतः लिहिलेली, तो धो धो चालला आणि मग लोक पुढच्या गाण्यांची वाट बघत बसलेले असताना हातात आली दहाच्या दहा दुसऱ्यांची गाणी.

समीक्षक तुटून पडले. सूर असा की आवाज जबरदस्त, पण लिहायचं संपलं म्हणून उसनवारी चाललीय आणि वर सगळ्याला एकच गुळगुळीत मुलामा. मुलाम्याचं थोडं खरंय, कीबोर्ड जरा जास्तच झालेत. पण एक गोष्ट या सगळ्यात कुणी फारशी धरलीच नाही, ती म्हणजे दहाही गाणी मूळ पुरुषांनी गायलेली. 1971 चं 'थिन लाइन बिटवीन लव्ह अँड हेट' हे सोल गाणं घ्या, पहाटे पाचला नवरा घरी येतो, बायको शांतपणे भूक लागलीय का विचारते आणि शेवटी तोच हॉस्पिटलात डोक्यापासून पायापर्यंत बँडेजमध्ये. मूळ गाण्यात हे तो सांगतो, आता तीच कहाणी बाईच्या तोंडून येते तेव्हा त्या भूक लागलीय का-ची भीतीच वाटते. याला उसनवारी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

पहिल्याच ट्रॅकचं, 'नो मोर आय लव्ह यूज'चं, तर काय सांगावं. 1986 ला 'द लव्हर स्पीक्स' या ज्या दोघांनी तो काढला ते तेव्हा याच जोडीच्या टूरवर ओपनिंगला असायचे, गाणं ब्रिटनमध्ये टॉप 50 मध्येही गेलं नव्हतं. बाईंनी ते दोन नंबरवर नेलं, 1996 ला ग्रॅमीही मिळालं. अल्बम ब्रिटनमध्ये एक नंबर, अमेरिकेत अकरा.

टूर केलीच नाही, फक्त न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एक मोठा शो, आणि त्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग जोडून अल्बम त्याच वर्षी परत विकला, म्हणजे पहिलं रीइश्यू खरं तर तेव्हाच झालं! 2014 ला बाईंनी पुन्हा कव्हर्सच केली, यावेळी जुनी जॅझ स्टँडर्ड्स, म्हणजे अनेकांनी गाऊन झालेली जॅझमधली गाणी, आणि तेव्हा स्वतःची गाणी कुठे गेली असं फारसं कुणी विचारलं नाही.