बक्स रोमधलं रक्त आणि चार्ल्स क्रॉस

गेल्या आठवड्यात एका मित्राने व्हिडिओ फॉरवर्ड केला, वर लिहिलेलं "जॅक द रिपर अखेर सापडला!" आणि खाली तीन आगीच्या इमोजी. जॅक द रिपर म्हणजे १८८८ मध्ये लंडनमध्ये बायकांचे खून करणारा आणि कधीच न सापडलेला खुनी. पूर्ण बघितला. म्हणणं असं की ज्या माणसाने त्यातल्या एका बाईचं प्रेत सगळ्यात आधी पाहिलं आणि पोलिसांना सांगितलं तोच खुनी, आणि पुरावा काय तर रक्त. तो तिथून गेल्यावर पोलीस पोचले तेव्हाही गळ्यातून रक्त वाहत होतं, गळा कापल्यावर रक्त काही मिनिटंच वाहतं, म्हणजे तिथे दुसऱ्या कुणाला वेळच नव्हता. ऐकायला एकदम पटतं. पण रक्त हा माझा आवडीचा विषय आहे आणि रक्त असं घड्याळासारखं चालत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी घटना थोडक्यात. ३१ ऑगस्ट १८८८, शुक्रवारची पहाट, लंडनच्या व्हाइटचॅपलमधला बक्स रो हा रस्ता. पिकफर्ड्स कंपनीत माल वाहणारा गाडीवान चार्ल्स क्रॉस डव्हटन स्ट्रीटवरच्या घरातून साडेतीनच्या सुमारास कामाला निघाला. बक्स रोमध्ये एका गेटसमोर त्याला काहीतरी पडलेलं दिसलं, आधी वाटलं ताडपत्री आहे, मग कळलं बाई आहे. मागून रॉबर्ट पॉल नावाचा दुसरा गाडीवान येत होता, क्रॉसने त्याला थांबवलं. दोघांनी हात लावून बघितलं, हात गार लागले, पॉलला मात्र छातीत किंचित हालचाल वाटली. अंधारात गळ्याची जखम दोघांनाही दिसली नाही. पुढे त्यांना कॉन्स्टेबल मायझेन भेटला, त्याला सांगितलं आणि ते कामावर गेले. ती बाई म्हणजे मेरी अॅन निकोल्स, ४३ वर्षांची. तिला शेवटचं जिवंत पाहिलं ते अडीचच्या सुमारास, तिच्या ओळखीच्या एका बाईने.

क्रॉसवर संशय का, तर कोर्टात त्याने नाव क्रॉस सांगितलं, पण जनगणनेच्या कागदांत तो चार्ल्स लेचमिअर म्हणून आहे. क्रॉस हे सावत्र वडिलांचं आडनाव, आणि ते स्वतः पोलीस होते. पण त्याने पत्ता खरा दिला, नोकरीची जागा खरी दिली, कोर्टात साक्षीला आला. लपायचं असतं तर हे कशाला सांगितलं असतं? दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे, मायझेन म्हणाला की "तिथे एक पोलीस तुला बोलावतोय" असं क्रॉसने सांगितलं, क्रॉस म्हणाला मी असं बोललोच नाही. दोघांपैकी एक चुकतोय किंवा खोटं बोलतोय, कोण ते आज कळायला मार्ग नाही. बाकी खून त्याच्या कामाच्या वाटेवर झाले वगैरे म्हणतात, पण त्या वाटेने पहाटे शेकडो कामगार जायचे.

आता रक्त. आपलं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. मानेच्या मोठ्या धमन्या कापल्या गेल्या की सुरुवातीला रक्त दाबाने बाहेर येतं, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि थोड्या वेळात हृदयाकडे परत येणारं रक्तच कमी पडतं, दाब कोसळतो, पंप बंद. इथपर्यंत व्हिडिओ बरोबर आहे. चूक पुढे आहे. पंप बंद म्हणजे रक्त बंद असं नाही! बिल्डिंगची मोटर बंद केली तरी पाइपात राहिलेलं पाणी नळातून ठिबकतच राहतं ना, तसंच. शिरांमध्ये भरपूर रक्त शिल्लक असतं, ते उताराच्या दिशेने झिरपतं, आणि किती वेळ झिरपेल हे मान कुठे कललीय, जखमेचं तोंड किती उघडं आहे, कुणी शरीर हलवलं का, यावर ठरतं. इथे क्रॉस आणि पॉल दोघांनी तिला हात लावला होता आणि पॉलने कपडे खाली ओढले होते.

मग ते गोठत का नाही? हा माझा सगळ्यात लाडका भाग. मटणाच्या दुकानात रक्ती घ्यायला गेलात तर बघा, थाळ्यात धरलेलं रक्त थोड्याच वेळात खरवसासारखं थलथलीत होतं आणि सुरीने वड्या पडतात. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत रक्त साधारण ५ ते १० मिनिटांत गोठतं. आत काय होतं तर जखमेच्या जागी रक्तवाहिनीबाहेरच्या पेशींवर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन उघडं पडतं, ते म्हणजे विरजण. त्याला रक्तातला फॅक्टर सात (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना असे नंबर आहेत) चिकटतो, दोघं मिळून फॅक्टर दहाला जागं करतात, दहा हा पाचच्या मदतीने प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन करतो, आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे छोटे तुकडे छाटतं, मग उरलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन फायब्रिनचे धागे होतात, फॅक्टर तेरा त्या धाग्यांना टाके घालतो. शिवाय थ्रॉम्बिन मागे जाऊन पाच, आठ आणि अकरालाही चेतवतं म्हणजे स्वतःचंच उत्पादन वाढवतं, म्हणून दह्यासारखंच हेही बराच वेळ काही होत नाही आणि मग एकदम लागतं. गारव्यात हे सगळं हळू चालतं, थंडीत दही लागत नाही तसंच.

पण हे झालं बाहेर सांडलेल्या रक्ताचं. रक्तवाहिन्यांच्या आत राहिलेल्या रक्ताची गोष्ट वेगळीच आहे. अचानक, हिंसक मृत्यू झाला की वाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून प्लास्मिनोजेन अॅक्टिव्हेटर सुटतो, तो प्लास्मिन तयार करतो आणि प्लास्मिन फायब्रिनचे धागे कापत सुटतं. म्हणजे आत गोठलेलं रक्त परत पातळ होतं. १९३० मध्ये मॉस्कोच्या स्क्लिफोसोव्स्की संस्थेत सर्जन सर्गेई युदिन यांनी याचा उपयोग केला, अचानक मेलेल्या माणसाचं रक्त काढून मनगटाची शीर कापून घेतलेल्या पेशंटला दिलं, आणि पेशंट वाचला. मृत शरीरातलं रक्त तासांनंतरही द्रव राहू शकतं हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

आता बक्स रोमध्ये परत या. कॉन्स्टेबल नील गस्तीवर पावणेचारला तिथे पोचला, कंदिलाच्या उजेडात त्याला गळ्यातून रक्त झिरपताना दिसलं. मायझेन त्यानंतर आला आणि त्यालाही रक्त ताजं आणि वाहतं दिसलं, पण त्याच थारोळ्याबद्दल तो म्हणाला की ते थोडं गोठलेलं होतं. नंतर कॉन्स्टेबल थेनने शरीर उचलताना बघितलं तर पाठीचे कपडे कमरेपर्यंत भिजलेले आणि खाली साधारण ६ इंचांची गुठळी. म्हणजे एकाच जागी झिरपतं रक्तही आहे आणि गोठलेलंही. बरं, क्रॉसनेच मारलं असं धरलं तरी मायझेन पोचेपर्यंत दहाएक मिनिटं गेली असणार, म्हणजे "काही मिनिटंच वाहतं" या हिशोबाने क्रॉससुद्धा सुटतो. पंधरा मिनिटं आधी दुसऱ्या कुणी मारलं असतं तरी चित्र जवळपास हेच दिसलं असतं.

शरीराच्या उबेचंही तेच. पॉलला हात गार लागले, नीलला कोपराच्या वरचा दंड चांगला ऊबदार लागला, फरक फक्त काही मिनिटांचा. यात गूढ काही नाही, उघडे तळहात पहाटेच्या हवेत आधी गार होतात, कपड्याखालचं अंग ऊब धरून ठेवतं. डॉक्टर लुएलिन आले आणि स्पर्शावरून म्हणाले, मरून अर्ध्या तासाहून जास्त झालं नाही. आज थर्मामीटर आणि गणित दोन्ही वापरूनसुद्धा मृत्यूच्या वेळेत दोन-तीन तासांची चूक धरावी लागते, मग हाताने मिनिटं कशी सांगणार?

जुन्या काळी युरोपात अशी समजूत होती की खुनी जवळ आला की प्रेताच्या जखमेतून पुन्हा रक्त येतं. इंग्लंडच्या गादीवर बसायच्या आधी स्कॉटलंडचा राजा असताना जेम्सने १५९७ मध्ये हे पुस्तकात लिहून ठेवलंय, आणि अशा परीक्षेवरून लोकांवर गुन्हे लादले गेले. प्रेत हलवलं की आतलं पातळ रक्त बाहेर येतं, एवढंच ते. "रक्त वाहत होतं म्हणजे शेजारी उभा असलेलाच खुनी" हे म्हणणं मला त्याच अंधश्रद्धेचं नवं रूप वाटतं, आणि याचा मला खरंच राग येतो, कारण माणूस मेलाय, १९२० मध्येच, आपली बाजू मांडू शकत नाही. तसाच तो शालीचा डीएनए, म्हणजे खून झालेल्या दुसऱ्या एका बाईजवळ सापडली म्हणतात त्या शालीवरून खुनी ओळखल्याचा दावा. २०१४ मध्ये गाजावाजा झाला, २०१९ मध्ये शोधनिबंधही आला, पण मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून येतो आणि एकाच प्रकारचा हजारो लोकांत सापडतो, त्यात ती शाल खरंच खुनाच्या जागेची आहे याला भक्कम आधार नाही.

मग क्रॉस खुनी असू शकतो का? असू शकतो, तो त्या जागी त्या वेळी होता, आणि प्रेत शोधणाऱ्याची चौकशी करणं हे कुठल्याही पोलिसाचं पहिलं काम आहे. पण रक्ताने तो दोषी ठरत नाही. रक्तापेक्षा चांगलं घड्याळ नीलची गस्त आहे. तो अर्ध्या तासापूर्वी, सव्वातीनच्या सुमारास, तिथूनच गेला होता आणि तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. म्हणजे खून सव्वातीन ते पावणेचारच्या मधला, आणि त्या अर्ध्या तासात त्या अंधाऱ्या रस्त्यावरून कोण कोण गेलं याची नोंद कुणाकडेच नाही. त्या गुठळीकडे डॉक्टरांनी शांतपणे, नीट उजेडात पुन्हा बघितलं असतं तर निदान थोडं तरी कळलं असतं, पण इन्स्पेक्टर स्प्रॅटलिंग साडेचारनंतर पोचले तेव्हा शेजारच्या घरातला मुलगा बादलीभर पाण्याने रक्त धुऊन टाकत होता, दगडांच्या फटीत थोडा डाग उरला होता.