गाजर-कोथिंबीर कुळातले व्हायरस रोग

गाजर, कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ओवा आणि हॉटेलवाल्यांची सेलरी ही सगळी एकाच कुळातली भावंडं, फुलोरा छत्रीसारखा. त्यामुळे एकाचा व्हायरस बऱ्याचदा दुसऱ्यालाही लागतो, आणि बेळगाव, खानापूर, हुक्केरी भागात गाजराच्या शेजारीच कोथिंबीर नि शेपूचे वाफे असतात म्हणून हे लक्षात ठेवायलाच पाहिजे. (आपल्याकडं कन्नडमध्ये व्हायरस रोगाला नंजु रोग आणि माव्याला (झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीला) हेनु म्हणतात, दुकानात दोन्ही शब्द कानावर पडतात.)

सेलरी मोझॅक व्हायरस सेलरीबरोबर गाजर, कोथिंबीर, पार्सलीलाही लागतो. पानावर फिकट-गडद हिरवे ठिपके, शिरा पिवळ्या, पानं वाकडी, झाड खुरटं. काकडी मोझॅक व्हायरसला तर हजाराच्या वर जातीची झाडं चालतात, त्यात हे कुळही आलं.

सगळ्यात भारी प्रकरण गाजराच्या मॉटली ड्वार्फ रोगाचं. याच्यात दोन व्हायरस जोडीनं येतात, गाजर रेड लीफ आणि गाजर मॉटल, आणि दुसऱ्याला स्वतःचं प्रथिनाचं कवचच नसतं, तो पहिल्याचं कवच उसनं घेऊन माव्याच्या अंगातून प्रवास करतो, म्हणजे पहिला नसेल तर मावा दुसऱ्याला नेऊच शकत नाही. पानं पिवळी-लालसर होतात, गाजर बारीक राहतं, आणि शेतकऱ्याला वाटतं खत कमी पडलं म्हणून तो अजून युरिया टाकतो, पैसा वाया जातो याचं खरंच वाईट वाटतं.

पसरवणारा मुख्य किडा मावाच. पण सेलरी मोझॅकसारखा व्हायरस मावा काही सेकंदात उचलतो नि तितक्याच लवकर सोडतो, औषधानं मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. रेड लीफ मात्र माव्याच्या अंगात मुरावा लागतो, त्याला वेळ लागतो, तिथं मावा वेळेत आवरला तर फरक पडतो. बुरशीनाशक मारून यातला एकही जात नाही, आणि लागण झालेलं झाड परत बरं होत नाही.

पानं पिवळी आणि गाजरावर केसासारख्या बारीक पांढऱ्या मुळ्या दिसल्या तर ते बहुतेक ॲस्टर यलोज, तो व्हायरस नाही, फायटोप्लाझ्मा म्हणजे जिवाणूसारखा बारीक जंतू आहे आणि तो तुडतुडे (रस शोषणारे, उड्या मारणारे किडे) पसरवतात.

माझ्या मते खरा घोळ पेरणीच्या पद्धतीत आहे. बाजाराला दर आठवड्याला कोथिंबीर पाहिजे म्हणून एक वाफा काढायच्या आत दुसरा पेरलेला असतो, जुन्या वाफ्यातली राहिलेली झाडं नि रानात सुटलेली गाजरं तशीच उभी, आणि मावा एकातून दुसऱ्यात जात राहतो. कॅलिफोर्नियात सेलरीवाल्यांनी वर्षातला काही काळ सेलरी लावायचीच नाही असं ठरवून साखळी तोडली होती. आपल्याकडं निदान जुना वाफा उपटून मगच शेजारी नवीन पेरावा, आणि कडेनं ज्वारी किंवा मक्याच्या दाट ओळी लावाव्या, मावा आधी तिथं सोंड खुपसतो आणि तोंडावरचा व्हायरस तिथंच पुसला जातो.