घरकुल राखेच्या विटेत बांधायचंय? हप्ता अडतो तो वेगळ्याच कारणानं

"राखेची वीट लावली तर घरकुलाच्या अनुदानाचा हप्ता अडवतात का हो?" नाही अडवत. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घर लाभार्थ्यानेच बांधायचं, ठेकेदार चालत नाही. म्हणजे मालही तुम्हीच निवडायचा. घर पक्कं हवं आणि स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर, साधारण 269 चौरस फूट. लाल वीटच हवी असा नियम नाही, साहेब काहीही म्हणोत.

वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेची ही वीट भट्टीत जात नाही, पाणी मारून पिकवतात. ना कोळसा जळतो, ना शेताची माती खरवडली जाते. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळच्या वीजकेंद्रांच्या आसपास राहात असाल तर आधी तिचीच चौकशी करा. ओली, न पिकलेली वीट गळ्यात मारणारेही आहेत. दोन विटा एकमेकींवर आपटून बघा, खणखणीत वाजली तरच घ्या. सिमेंटच्या गोणीवर पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, असं लिहिलेलं असावं. त्यात 15 ते 35 टक्के राख असते, तेवढी चुनखडी भाजायची वाचते, तेवढाच कार्बन कमी. पण ते सावकाश ताकद धरतं, स्लॅबवर निदान 10 दिवस पाणी हवंच.

आता खरी अडचण: जागेचा कागद. आधार, पासबुक, जॉबकार्ड बहुतेकांकडे असतं. नमुना 8, म्हणजे ग्रामपंचायतीतला घरजागेचा उतारा, मात्र आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली! वारसनोंद आधी करून घ्या, भावांचं संमतीपत्र जोडा. मंजुरी आल्यावर धावपळ केली तर महिने जातात. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजनेतून 1 लाखापर्यंत मदत मिळते.

मुदतीचा घोळही नेहमीचा. घर पुरं करायचे 12 महिने मोजतात ते मंजुरीच्या तारखेपासून, जोतं झाल्यापासून नव्हे. अन् जागेचा फोटो मोबाइलमध्ये स्थळासकट नोंदला जातो. एका जागेचा फोटो दिला आणि घर दुसरीकडे उठवलं, तर पुढचा हप्ता विसरा. पैसे आधार जोडलेल्या खात्यावर येतात. जनधनचं खातं बंद पडलं नाही ना, हे बँकेत जाऊन विचारा, फोनवर नको.

योजनेचं अनुदान सपाट भागात 1,20,000, डोंगराळ भागात 1,30,000 रुपये, हप्त्याहप्त्यानं. शिवाय 5 ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) वाळू मोफत, गाडीभाडं मात्र तुमचं.