‘एन’ हा आकडा नक्की कशाचा? पुनरावृत्तीच्या वादाची पार्श्वभूमी

जीवशास्त्राच्या शोधनिबंधात आलेखाखाली ‘एन = ३०’, म्हणजे नमुने तीस, असं लिहिलेलं असतं. हे तीस म्हणजे तीस झाडं, की एकाच झाडाची तीस पानं, की एकाच पानाची तीस मोजमापं? तिन्हींसाठी आपण ‘पुनरावृत्ती’ हाच शब्द वापरतो आणि घोळ तिथेच सुरू होतो.

तुलनेची कल्पना जुनी आहे. फ्लॉरेन्सच्या एका वैद्याने १६६८ साली मांसाच्या उघड्या आणि झाकलेल्या बरण्या शेजारी ठेवून अळ्या कुठे होतात ते दाखवलं होतं. १७४७ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजावर स्कर्व्हीच्या १२ रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला गेला. संत्री-लिंबं मिळाली ती फक्त दोघांना. ते दोघे सुधारले, पण दोन माणसं पुरेशी आहेत का, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

तो प्रश्न शेतातून आला. लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन गावी १८४३ पासून गव्हाच्या एका शेतात लांब पट्ट्यांवर वेगवेगळी खतं दिली जात होती, पण बहुतेक खतांना पट्टा एकेकच. मग १९१०च्या हंगामात तिथेच एकसारखं दिसणारं एक एकर उभं पीक ५०० तुकड्यांत कापून वेगवेगळं तोललं गेलं. सरासरी ३.९५ पौंड धान्य निघालं, पण कुठे २.७३ आणि कुठे ५.१६. वेगवेगळी खतं नव्हती, वाणही एकच, तरी दुपटीच्या जवळ जाणारा फरक. म्हणजे एखाद्या पट्ट्यात जास्त पीक आलं तर तो खताचा गुण की जमिनीचा, हे एका पट्ट्यावरून कळणं शक्यच नव्हतं.

१९१९ साली तिथे नेमलेल्या तरुण संख्याशास्त्रज्ञाने यातून वाट काढली. १९२६च्या लेखात त्याने मांडणी केली ती अशी: प्रत्येक उपचार (इथे खत) अनेक वाफ्यांना द्यायचा, कुठल्या वाफ्याला कोणता हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि एकसारख्या जमिनीचे गट पाडायचे. डब्लिनच्या एका मद्यनिर्मिती कंपनीतल्या संख्याशास्त्रज्ञाला चिठ्ठ्या पटल्या नाहीत. पट्टे आलटून-पालटून ठेवले तर जमिनीतल्या फरकामुळे होणारी चूक कमी होते, असं त्याचं म्हणणं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. पण चूक कमी होणं आणि ती किती आहे हे प्रामाणिकपणे सांगता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट चिठ्ठीनेच साधते. १९३७ मध्ये त्या गृहस्थांचं निधन झालं तोवर वाद मिटलेला नव्हता.

त्याच सुमारास, १९३७-३८ मध्ये, हार्पेंडनचा तो संख्याशास्त्रज्ञ भारतात येऊन गेला. इंदूरच्या केंद्रात कापसाच्या चाचण्यांची मांडणी याच पद्धतीने अभ्यासली जात होती. पुढे १९५४ साली दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी कृषी संशोधकांसाठी लिहिलेलं पुस्तक देशभर वापरलं गेलं. त्यांतले एक सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, दुसरे इंदूरच्या त्याच केंद्रात काम केलेले. आपल्या कृषी पदवीधराला ‘ट्रीटमेंट’ (उपचार), ‘ब्लॉक’ (गट), ‘रेप्लिकेशन’ (पुनरावृत्ती) हे शब्द तोंडपाठ असतात ते या परंपरेमुळे. वाफ्यातल्या कणसांची संख्या म्हणजे रेप्लिकेशन असं तो सहसा समजणार नाही. उपचार वाफ्याला दिला, म्हणून मोजायचा तो वाफा.

अडचण आली ती जिथे वाफा डोळ्यांना दिसत नाही तिथे: तळं, जंगल, माशांची टाकी, पेशी वाढवायची बशी. कॅलिफोर्नियातल्या एका परिसरशास्त्रज्ञाने १९६० नंतर प्रसिद्ध झालेले १७६ प्रायोगिक अभ्यास वाचून काढले आणि १९८४ मध्ये निष्कर्ष छापला. २७ टक्के अभ्यासांत पुनरावृत्ती खरी नव्हती. ज्यांनी संख्याशास्त्रीय कसोटी (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, याची तपासणी) लावली होती तेवढेच धरले तर प्रमाण ४८ टक्के.

त्याने या चुकीला दिलेल्या ‘स्यूडोरेप्लिकेशन’ या नावाचं मराठी ‘छद्म-पुनरावृत्ती’ असं करता येईल. दोन टाक्या घ्या. एकीत कीटकनाशक, दुसरीत नाही, प्रत्येकीत २० मासे. हिशेब वीस विरुद्ध वीस असा केला जातो. पण औषध माशाला नाही, टाकीला दिलं आहे. पहिल्या टाकीचा हवेचा पंप मंद असेल, ती खिडकीजवळ असेल, तिच्यात बुरशी शिरली असेल, तर विसाच्या वीस मासे एकत्र भोगतील. म्हणून हिशेब एक विरुद्ध एक. मासे शंभर केले तर त्या टाकीची सरासरी अचूक कळेल, कीटकनाशकाबद्दल कणभरही जास्त कळणार नाही.

‘छद्म’ला लबाडीचा वास आहे, आणि मूळ इंग्रजी शब्दालाही होता. मोजमापं खोटी नव्हती. मूळ व्याख्याही मांडणीला दोष देत नाही. अशा मांडणीवर उपचाराचा परिणाम सिद्ध करणारी कसोटी लावणं, एवढाच आक्षेप आहे. तरी अनेकांना तो आरोप वाटला आणि पुढची चर्चा विनाकारण कडवट झाली. नाव साधं असतं, ‘एककाची चूक’ असं काही, तर बरंच भांडण वाचलं असतं असं मला वाटतं.

या आक्षेपाच्या विरोधकांचा सर्वांत वजनदार दाखला कॅनडातल्या ओंटारियोचा. १९७३ मध्ये तिथे मध्ये चिंचोळं असलेलं एक तळं प्लॅस्टिकच्या पडद्याने दुभागलं. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्यात त्यांच्यासोबत फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवागार झाला. तळं एकच, भाग दोनच, तरी त्या हवाई छायाचित्राने साबणचुऱ्यातल्या फॉस्फेटविषयीचं धोरण बदलायला मोठा हातभार लावला. तळी आणि पाणलोट चिठ्ठ्या टाकून डझनभर मिळत नाहीत, मग हा नियम मोठ्या प्रश्नांचीच वाट अडवतो, असं २००१ मधल्या एका गाजलेल्या लेखाचं म्हणणं होतं. मला यात विरोध दिसत नाही. त्या तळ्याची ताकद परिणामाच्या आकारात आणि इतर तळ्यांशी जुळणाऱ्या निकालांत होती, कुठल्या कसोटीत नव्हती. एकच तळं असेल तर तसं लिहावं.

प्रयोगशाळेत मात्र तळ्याची सबब चालत नाही. एका नामांकित साप्ताहिकाने २०१३ पासून लेखकांना ‘एन’ची व्याख्या लिहायला लावली: पुनरावृत्ती जैविक (वेगवेगळे जीव) की नुसती तांत्रिक (त्याच नमुन्याचं पुन्हा मोजमाप)? पुढच्याच वर्षी पाच नियतकालिकांतले मेंदूविज्ञानाचे ३१४ निबंध तपासले गेले. त्यांतल्या ५३ टक्के निबंधांत एकाच प्राण्यापासून अनेक मोजमापं घेतलेली होती, उदाहरणार्थ एकाच उंदराच्या अनेक चेतापेशी. अशा माहितीसाठी बहुस्तरीय प्रतिमानं (कुठली पेशी कुठल्या उंदराची हे हिशेबात धरणाऱ्या गणिती पद्धती) उपलब्ध आहेत आणि ती वापरायलाच हवीत, पण त्यांनीही तीन उंदरांचे तीस होत नाहीत.

पेशींच्या बाबतीत ‘जैविक’ हा शब्दच पुरत नाही. जगभर वाढवली जाणारी एक प्रसिद्ध पेशीमालिका (एकाच मूळ नमुन्यातून अखंड वाढत आलेल्या पेशी) १९५१ साली बाल्टिमोरच्या एकाच रुग्ण स्त्रीकडून आली. तिच्यावर तीन वेगळ्या दिवशी वेगळ्या बशांत केलेला प्रयोग काही जण तीन धरतात, तर माणसांविषयी निष्कर्ष काढायचा असेल तर तो एकच, असं दुसरे म्हणतात. दावा पेशीमालिकेपुरता असेल तर पहिल्यांचं बरोबर, माणसांबद्दल असेल तर दुसऱ्यांचं. निबंधाच्या शीर्षकात बहुधा माणसं असतात.