ओवी, कीर्तन, अभंग : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेच्या चालींमागची गोष्ट

उपासनेत ढोलकी वाजली किंवा सिनेमाच्या वळणाची चाल ऐकू आली की मंडळीत कुजबुज सुरू होते. कुणाला ते देवळातलं वाटतं, कुणाला तमाशातलं, कुणाला पिक्चरमधलं. हा वाद काही आजचा नाही. लोकांच्या तोंडी असलेलं गाणं प्रार्थनेत घ्यावं का, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजाला चारशे वर्षं पडत आला आहे. मराठीत मनापासून प्रार्थना झाली ती प्रत्येक वेळी लोकांचं गाणं स्वीकारल्यावरच, असं मला हा इतिहास वाचताना वाटत राहतं.

सुरुवात गोव्यात झाली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा कॅथलिक धर्मगुरू, 1579मध्ये गोव्यात आला आणि उरलेलं आयुष्य त्याने तिथेच, मुख्यतः दक्षिण गोव्यातल्या साष्टीत घालवलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणं ऐकायला बंदी होती. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं पाठ होत होती, पण संध्याकाळी चार माणसं जमल्यावर म्हणायचं काय? आमच्या पुराणांसारखं काही आम्हाला द्या, अशी मागणी लोकांनीच केल्याचं स्टीफन्सने आपल्या ग्रंथाच्या आरंभी सांगितलं आहे. त्यातून ‘क्रिस्तपुराण’ जन्माला आलं. सुमारे 11,000 ओव्यांचा हा ग्रंथ 1616मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापला गेला. त्यातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपण शाळेपासून ऐकतो. मला मात्र त्याची छंदाची निवड जास्त मोलाची वाटते. ओवीला वाद्य लागत नाही, शिकवणीही लागत नाही. जात्यावर बसलेली बाई ती म्हणते आणि पुराणिकही तीच म्हणतो. ख्रिस्ताची कथा ओवीत आली तेव्हा ती ऐकणाऱ्याच्या घरात आली.

हे फार काळ टिकू दिलं गेलं नाही. 1684मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागा, असा हुकूम काढला. 1736मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, लग्नघरातल्या ओव्यांवरही बंदी आणली. तरी पुराण बुडालं नाही. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखितं जपली आणि त्यांच्याच आधाराने 1907मध्ये ते तिथे पुन्हा छापलं गेलं.

दुसरा अध्याय देशावर घडला. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट धर्मप्रचारक संस्थेचं काम 1813मध्ये मुंबईत सुरू झालं आणि 1831मध्ये अहमदनगरला पोचलं. सुरुवातीची बरीच गीतं पाश्चात्त्य चालींवर बेतलेली होती. मराठी शब्द इंग्रजी चालीत बसवताना ऱ्हस्वाचं दीर्घ होई, आघात भलत्याच अक्षरावर पडे आणि अर्थ मागे राही. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती झालेल्यांत महार समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते आणि मांग समाजाचेही होते. हलगी, ढोलकी, संबळ आणि रात्रभर रंगणारं गाणं त्यांच्या अंगात होतं. पण ही वाद्यं जत्रेची, तमाशाची, म्हणून ती उपासनेत घ्यायला कित्येक मिशनरी आणि काही एतद्देशीय ख्रिस्तीही कचरत होते.

ही कोंडी कीर्तनाने फोडली. 1860च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. साचा नेहमीचाच होता. आधी नमन, मग पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान आणि मधूनमधून साकी, दिंडी, अभंग. फक्त आख्यान बायबलातलं. उधळ्या पुत्राची गोष्ट कीर्तनात सांगायला घ्या, म्हणजे तिची ताकद कळते. बापाचं घर, वाटणी, परमुलुखातली उधळपट्टी, दुष्काळ, परतीची वाट. मराठी शेतकऱ्याला यातलं काय परकं वाटणार? बाजारातल्या प्रवचनापुढे माणूस घटकाभर उभा राहतो. कीर्तनाला तो घोंगडी पसरून बसतो आणि ध्रुपद आलं की आपणही म्हणू लागतो. ते म्हणता म्हणता ऐकणारा प्रार्थना करू लागलेला असतो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या माणसाला देवळाच्या पायरीवरही जागा नव्हती, तो आता गळ्यात हार घालून, हातात चिपळ्या घेऊन कीर्तनकाराच्या जागी उभा राहू शकत होता. चालीपेक्षा ही जागा मिळणं मोठं होतं.

पुढे नारायण वामन टिळकांनी हा प्रवाह घराघरांत नेला. 1895मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांना इंग्रजी सुरावटीतली प्रार्थना परकी वाटत होती. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. म्हणूनच ‘तुका म्हणे’च्या वळणावर त्यांच्या अभंगांत ‘दास म्हणे’ येतं. त्यांची गीतं वाचताना ख्रिस्त कधी माउली होतो, कधी गुरू, कधी सखा. वारकरी ज्या सलगीने विठ्ठलाशी बोलतो ती सलगी त्यांनी प्रार्थनेत आणली. 1917मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहायला सुरुवात केली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. 1919मध्ये ते गेले, त्यामुळे ‘दरबार’ पुरता उभा राहिला नाही. पण गीतं ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात राहिली आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांचं ख्रिस्तचरित्राचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलं.

कॅथलिक चर्चला हे वळण यायला आणखी जवळजवळ अर्धशतक लागलं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यात लोकभाषेला वाट मिळाली आणि मिशन प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीत परंपरेला मान द्यावा, असंही म्हटलं होतं. मग वसईच्या चर्चमध्ये लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आली आणि तिच्यासोबत पेटी-तबला आणि भजनही आलं.

आता तरुण मुलं कीबोर्ड आणि गिटार घेऊन उभी राहतात, तेव्हा घरची वडीलधारी त्यांना विचारतात, टिळकांची गीतं का नाही म्हणत? ती गीतंही म्हणावीत, आग्रहाने म्हणावीत. फक्त मुलांना ती देताना सांगळ्यांच्या चिपळ्या आणि साष्टीतल्या लोकांनी स्टीफन्सकडे केलेली मागणीही सांगावी.