आधी चढायचं, मग उतरायचं : उभ्या उतारावरच्या स्कीइंगची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२५मध्ये पोलंडचा आंद्झेय बार्गिएल कृत्रिम ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचला आणि तिथून स्कीवर बेस कॅम्पपर्यंत उतरला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचा जिम मॉरिसन त्याच पर्वताच्या उत्तर बाजूची हॉर्नबाइन घळ, म्हणजे दोन कड्यांच्या मधली चिंचोळी फट, उतरून आला. एव्हरेस्टवर खरी गर्दी मे महिन्यात असते. या दोघांनी पावसाळा संपण्याची वाट पाहिली. मेमध्ये उत्तरेच्या बाजूला वाऱ्याने खरवडलेला कातळ उघडा पडलेला असतो, तर मान्सूनचा दमट बर्फ उभ्या कातळालाही धरून राहतो. हिमस्खलनाच्या भीतीने हा बर्फ बहुतेक गिर्यारोहकांना नकोसा असतो, स्कीअरला मात्र तोच हवा असतो.

एक्स्ट्रीम स्कीइंग करणाऱ्यांना बेदरकार ठरवून मोकळं होणं सोपं आहे. या खेळाच्या इतिहासात मला तरी भेटतात ते बहुतेक चिकट स्वभावाचे, बर्फ योग्य होईपर्यंत पायथ्याशी दिवस काढणारे लोक.

सुरुवात आल्प्समध्ये झाली. १९५३मध्ये लिओनेल तेरे आणि बिल डनवे माँ ब्लांच्या उत्तर अंगाने स्कीवर उतरले. १९६१मध्ये ऑस्ट्रियात ग्रोसग्लॉकनर पर्वताची पालाविचिनी घळ उतरली गेली. तोवर स्कीच्या कडांना पोलादी पट्ट्या लागून बरीच वर्षं झाली होती. कठीण बर्फात धार रुतवायची सोय त्यांच्यामुळेच झाली. पण ही तुरळक प्रकरणं होती. गिर्यारोहणात मान होता तो चढाईला. उतरणं म्हणजे जीव सांभाळून घरी येणं, एवढंच.

हे बदललं सिल्व्हां सोदां या स्विस माणसामुळे. सप्टेंबर १९६७मध्ये तो फ्रान्समधल्या शामोनीजवळची स्पेन्सर घळ उतरला. सह्याद्रीतली एखादी नाळ डोळ्यांसमोर आणा आणि ती बर्फाने भरा. स्पेन्सर घळीचा उतार ५५ अंशांच्या घरात जातो. अशा उतारावर सरळ उभं राहून डोंगराकडचा हात नुसता बाजूला केला, तरी तो बर्फाला टेकतो. इथे वळण चुकलं तर दुसरी संधी मिळत नाही. सोदांने त्यासाठी स्वतःची पद्धत बसवली होती. वजन टाचांवर ठेवायचं आणि स्कीची पुढची टोकं गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखी एका बाजूकडून दुसरीकडे फिरवायची. पुढे फ्रान्सच्या पात्रिक व्हालांसाँने वरच्या पायावर जोर देऊन उडी मारत वळण्याची रीत रूढ केली. उभ्या उतारावर आजही उडीचं वळणच जास्त दिसतं.

सोदांचा भारताशीही संबंध आला. १९७७मध्ये तो लडाखमधल्या ७,१३५ मीटर उंचीच्या नुन शिखरावरून उतरला. १९८२मध्ये त्याने काराकोरममधल्या ८,०८० मीटरच्या हिडन पीकवर शिखरापासून बेस कॅम्पपर्यंतचा उतार स्कीवर केला. गुलमर्गच्या डोंगरांवर हेलिकॉप्टरने नेऊन स्कीइंग घडवण्याचा उद्योगही त्याने चालवला.

हेलिकॉप्टर हाच पुढे वादाचा मुद्दा झाला. सोदांला माथ्यावर पोहोचण्यासाठी त्याचा वापर वर्ज्य नव्हता. इटलीतल्या दक्षिण टिरोलचा हायनी होल्झर त्याच्या अगदी उलट. तो धुराडी साफ करून पोट भरायचा आणि रिकाम्या वेळी डोंगरात असायचा. त्याचा नियम एकच होता : जी वाट उतरायची ती आधी स्वतः चढायची. माझ्या मते या खेळाला खरी शिस्त लावली ती होल्झरने. चढताना प्रत्येक पावलाला बर्फ बुटाखाली कळतो. कुठे पापुद्रा पोकळ आहे, कुठे खाली निळा कठीण थर आहे, कुठल्या वळणावर ऊन उशिरा पोहोचतं, हे सगळं तेव्हाच समजतं. रात्री गोठलेला पृष्ठभाग सकाळच्या उन्हाने जेमतेम बोटभर मऊ होतो, तेवढाच वेळ उतरण्याचा. लवकर निघालात तर घसराल, उशीर केलात तर वरचा भिजलेला बर्फ तुमच्यासकट खाली येईल. इतकं सांभाळूनही होल्झर १९७७मध्ये स्वित्झर्लंडच्या पिट्स रोसेगवर स्कीइंग करतानाच गेला.

अमेरिकेत १९७१च्या जूनमध्ये बिल ब्रिग्ज ४,१९९ मीटरच्या ग्रँड टेटनवरून उतरला. त्याचा एक खुबा शस्त्रक्रियेने कायमचा जखडलेला होता. तो खाली आल्यावर लोकांचा विश्वास बसेना. शेवटी स्थानिक वृत्तपत्राच्या संपादिकेने विमानातून फोटो घेतला आणि बर्फात उमटलेली त्याची वळणं सगळ्यांनी पाहिली.

एव्हरेस्टवर हे वेड त्याआधीच पोहोचलं होतं. १९७०मध्ये जपानचा युइचिरो मिउरा पाठीला पॅराशूट बांधून साउथ कोल या शिखराखालच्या खिंडीतून निघाला, पडला, घसरत गेला आणि वाचला. त्याच्या पराक्रमाची गोष्ट रंगवून सांगितली जाते. त्याच मोहिमेत खुंबू हिमप्रपातात सहा शेर्पा दगावले, हे मात्र बहुधा गाळलं जातं. ते गाळू नये. शिखरापासून बेस कॅम्पपर्यंत स्कीवर पहिल्यांदा उतरला तो स्लोव्हेनियाचा दावो कार्निचार, ७ ऑक्टोबर २००० रोजी, पाच तासांहून कमी वेळात. के२ या जगातल्या दुसऱ्या सर्वोच्च शिखराला मात्र २०१८ उजाडावं लागलं. ते काम बार्गिएलने केलं, आणि वाट शोधायला त्याच्या भावाने उडवलेला ड्रोन मदतीला होता.

मृत्यूंची यादी लांबलचक आहे. शामोनीचा स्नोबोर्डर मार्को सिफ्रेदी २००२मध्ये हॉर्नबाइन उतरायला निघाला, तेव्हा २३ वर्षांचा होता. तो परत आला नाही. अलास्कातल्या उतारांमुळे गाजलेला डग कूम्ब्स २००६मध्ये फ्रान्समधल्या ला ग्राव्ह इथे मरण पावला. जोडीदार कड्यावरून घसरला म्हणून तो बघायला काठापर्यंत सरकला आणि स्वतःच घसरला. हिलरी नेल्सन आणि मॉरिसन यांनी २०१८मध्ये ल्होत्सेच्या शिखरावरून स्कीवर उतरून दाखवलं. २०२२मध्ये नेपाळमधल्या मनास्लूवर ती मरण पावली. ती मॉरिसनची सहचारिणी होती. हॉर्नबाइन उतरण्यापूर्वी त्याने तिची रक्षा एव्हरेस्टच्या माथ्यावर विखुरली.

आता आल्प्समधली वेळापत्रकंच बदलली आहेत. सोदां स्पेन्सर घळ उतरला तो सप्टेंबरात. आज त्या सुमाराला अशा घळींमध्ये बहुतेक उघडा कठीण बर्फ, माती आणि सुटून येणारे दगड असतात. त्यामुळे उतरण्याचा मोसम हिवाळा आणि वसंताकडे सरकला आहे. जुन्या नोंदींमधली तारीख पाहून कोणी आता निघत नाही. आधी त्या आठवड्यात घळीत बर्फ किती उरला आहे ते बघतात.